डावीकडनं कोण आलं?

कसबा बावडा, कोल्हापूर
७ मे २०००

ती. अनुजाताईस,
ऋतुराजचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र जोतीरामच्या कॅसेटच्या दुकानात मिळालं. शाहूपुरीतला हा पत्ता आबांना ठाऊक न्हाय, तवा इथून पुढंबी तिथंच पाठव. जोतीराम पाकीट देताना दरवेळी एक कॅसेट गळ्यात मारतो, एवढाच त्रास. फोन का करत न्हाईस म्हणून विचारलंस. घरात तुझा आवाज आला की आबा रिसीव्हर आपटतात. आणि बूथवर मीटर पळत असताना मतं मांडता येतात व्हय? माझी मतं पाच पानांच्या खाली बसत न्हाईत.

पहिलं मत क्रिकेटचं. मॅच फिक्सिंगचं वाचलं असशीलच. मी तर पेपर उघडायचा सोडलाय. जुन्या सगळ्या मॅच मनात परत लावतो आणि सुटलेल्या प्रत्येक कॅचवर संशय येतो. ज्या मॅचला तू, मी आणि आबा जेवणाची ताटं तशीच ठेवून बसलेलो, ती खरी होती का न्हाय, हे आता कोण सांगणार? आबांनी भिंतीवरचं टीमचं कॅलेंडर काढून चुलीत घातलं. म्हणाले, ज्यांच्यावर जीव टाकला त्यांनीच इकलं. मग आईकडं बघितलं. ते क्रिकेटचं बोलत न्हवते हे आम्हा दोघांनाबी कळलं. तू नागसेनदाजींशी लग्न करून गेलीस त्याला दोन वर्षं झाली, तरी त्यांच्या तोंडात अजून ‘त्या घरात’ एवढंच असतं.

दुसरं मत गाण्याचं. आपला पॉप संपला, ताई. चार वर्षांमागं दर महिन्याला नवा गायक यायचा, नवी धून यायची. आता जुनं गाणं घ्यायचं, खालनं धडाधडा ढोल लावायचा आणि रिमिक्स म्हणून इकायचं. तांबड्या रश्श्यात साखर घातल्यागत लागतंय. जोतीराम म्हणतो खपतंय तेच. खपू दे, पण मी घेणार न्हाय.

तिसरं साडेआठच्या मालिकेचं. वकिलाच्या घरातल्या त्या तीन जावा अजून एकाच दिवाणखान्यात उभ्या हायत. मधली मोठ्यानं कपट बोलते आणि हातभर लांबच्या थोरलीला ऐकू जात न्हाय. लेखकाला पकडून कळंब्याच्या जेलात घातला पायजे. आईला मात्र लई आवडतं. तिची गंमत सांगतो. हल्ली ती टीव्हीला नाक लावून बसते आणि कोंबडीगत मान वळवून बघते. पडद्यावर कुणी आलं की विचारते, डावीकडनं कोण आलं रं? मधली जाऊ बोलेपर्यंत तिला ती मधली हे कळत न्हाय. बल्बाभोवती रंगीत कडी दिसतात म्हणते. मी म्हटलं, आई, तुला फुकटात गणपतीचं लायटिंग. परवा दाराची चौकट कपाळाला लागली तर चौकटीलाच शिव्या दिल्या.

दाजींना नमस्कार. लोभ हाय तो आटू देऊ नकोस.

तुझा,
ऋतुराज


सोलापूर
१६ मे २०००

चि. ऋतुराज यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी पाच पानं मिळाली. पॉप संपला म्हणून तू मागच्या दिवाळीलाही कळवलं होतंस, आणि पुढच्याच पत्रात एका नव्या गायकासाठी वेडा झाला होतास. क्रिकेटचं मात्र वाईट वाटलं. तू रडला असशील, लिहिलं नाहीस तरी. मधल्या जावेबद्दल माझं मत वेगळं आहे. त्या घरात डोकं तेवढं तिलाच आहे. मीही ती मालिका रोज बघते. चांगली आहे म्हणून नव्हे. त्या वेळी आईही तेच बघत असेल म्हणून.

आता नीट वाच. तुझी पत्रं मी मोठ्यानं वाचते, कारण सासूबाईंना ती फार आवडतात. रश्श्यातल्या साखरेला त्या पोट धरून हसल्या. पण आईचं आलं तशी मेथी निवडता निवडता त्यांचा हात थांबला. परत वाच म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या की बाई, माझं असंच झालेलं. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूनं गेलाय. त्याही अशीच मान वळवायच्या, त्यांनाही दिव्याभोवती कडी दिसायची, चौकटी लागायच्या. घरातल्यांनी वयाचं म्हणून सोडून दिलं. त्यांचं सांगणं असं की मोतीबिंदू काढता येतो, पण काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली तेवढी राखता येते. तुझ्या आईला, अंबूबाईंना, उद्याच्या उद्या दाखवा म्हणाल्या.

ही गंमत नव्हे रे. आबांना तू स्वतःच्या मनानं सांग. कुणाकडून कळलं ते मात्र सांगू नकोस, तुला माझी शपथ.

आईला माझा नमस्कार कानात सांग. डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव, मग तुझ्या मतांशी भांडेन.

तुझी,
अनुजाताई


कसबा बावडा
२० ऑगस्ट २०००

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र न्हाय म्हणून तू काळजीत असशील. चांगलं लिहिण्यासारखं काहीच न्हवतं.

आधी बरं तेवढं सांगतो. प्रश्नांचा तो नवा कार्यक्रम लागला की बावड्यात रस्त्यावर कुत्रं दिसत न्हाय. कारखान्यातली माणसं पाळी बदलून घ्यायला लागलीत. आबा खुर्ची पुढं ओढून बसतात आणि समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत उत्तर देतात. चुकलं तर म्हणतात प्रश्नच वाकडा होता. माझं मत असं की आपल्याकडं इतकी वर्षं कुणी कुणाला पुरं बोलू देऊन शांतपणानं ऐकूनच घेतलं न्हवतं. तिथं मात्र साधा मास्तरबी हजार लोकांपुढं विचार करत बसू शकतो. म्हणून लोक बघतात. पैशाचं नंतर.

त्या कार्यक्रमामुळं आबा खुशीत असायचे. असाच एकदा आईच्या डोळ्यांचा विषय काढला. आधी मलाबी वाटलेलं की तू उगंच घाबरतेस, म्हणून मीबी टाळलेलं. पण आई दुधाची चरवी ओट्यावर ठेवायला गेली ती हवेतच सोडली. आबा लगेच तयार झाले. सोमवारी जाऊ म्हणाले. मग सहज विचारलं, तुला रं काय ठाऊक काचबिंदू? मी म्हटलं ऐकलं. कुणाकडनं, म्हणाले. ताई, मला खोटं बोलायला वेळच मिळाला न्हाय. ताईच्या सासूबाईंचा, शेवंताबाईंचा डोळा असाच गेला, हे तोंडातनं निघून गेलं.

टीव्ही चालूच होता. आबा उठले आणि बंद केला. म्हणाले, आता जयभीमवाल्यांच्या घरनं आमाला डाक्टरकी शिकवणार व्हय? माझ्या बायकोच्या डोळ्यांत काय हाय ते त्यांनी सोलापुरातनं बघितलं? सोमवार आला आणि गेला. जोतीरामच्या दुकानात जाऊन त्यालाबी सगळ्यांसमोर बोलले. तवा इथून पुढं पत्र माझ्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठव.

मी आईला म्हटलं, माझ्याबरोबर चल, गुपचूप दाखवून येऊ. तर म्हणाली, मला चांगलं दिसतंय, आणि तुझ्या आबांचा शब्द मोडून मी पायरी उतरायची न्हाय. हे बोलताना ती माझ्याकडं बघत होती असं तिला वाटत होतं. मी दुसऱ्या बाजूला उभा होतो.

शपथ मोडली. रागव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा,
ऋतुराज


सोलापूर
१२ नोव्हेंबर २०००

चि. ऋतुराज यास,
आशीर्वाद.

रागावले नाही. तुझ्या तोंडात काही राहत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी शपथ घातली ती मीच.

मालिका बघायची मी सोडली. ती लागली की आई मान वळवून बसलेली दिसते. मतं तू लिही, मला वाचायला हवी आहेत, पण माझ्याकडे सध्या एकही नाही.

एक बातमी आहे. फेब्रुवारीत तू मामा होशील. आईला सांग. आबांच्या कानावर जाईल असं सांग. परवा फोन केला तो त्यांनीच उचलला आणि ठेवला. हे म्हणाले, मी कोल्हापूरला जातो, त्यांच्या पाया पडतो, पण आईंना दवाखान्यात नेऊ देत. मीच जाऊ दिलं नाही. उंबऱ्यातून ह्यांना हाकललं असतं तर मला सोसलं नसतं.

आबांचा माझ्यावर राग आहे तो त्यांनी माझ्यावर काढावा, आईच्या डोळ्यांवर काढू नये. एवढं एक वाक्य तरी त्यांच्यापर्यंत पोचव. आईला ओढून ने रे. माझ्या लेकराचं तोंड तिला दिसायला हवं.

तुझी,
अनुजाताई


कसबा बावडा
१८ मार्च २००१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुलीचा फोटो मिळाला. अभिनंदन तुझं आणि दाजींचं. फोटोचं पुढं लिहितो.

कोलकात्याची कसोटी बघितलीस का? मी क्रिकेटचं नाव टाकलेलं, पण चौथ्या दिवशी शेजारनं आरडाओरडा ऐकून टीव्ही लावला. फॉलोऑन मिळालेली टीम, आणि दोघं दिवसभर आऊटच होईनात! आबा रानातनं आले ते दारातच उभे राहिले. मग चपला काढल्या. मग खुर्ची ओढली. पाचव्या दिवशी तर त्यांनी गड्याला सांगितलं की आज उसाला पाणी तूच दे. शेवटची विकेट पडली तसं त्यांनी मला मिठी मारली. ताई, मला आठवत न्हाय त्यांनी आधी कधी मारल्याली. म्हणाले, असलं कुणाला ठरवून खेळता येत न्हाय, हे खरं हाय. माझंबी मत तेच. एवढ्या घाणीतनं एवढं निर्मळ काहीतरी वर आलं.

आबा कोपऱ्यावरनं पेढे घेऊन आले. आई टीव्हीजवळ बसलेली, आवाजावर हसत होती. आबांनी डाव्या अंगानं पेढा तिच्यापुढं धरला. ती समोर बघत राहिली. आबांना वाटलं, रुसली. म्हणाले, आज तरी घे की. ती म्हणाली, काय घेऊ, द्या की. पेढा तिच्या गालापासनं वीतभर होता. आबांनी तो उजवीकडं नेला, परत डावीकडं नेला, तिच्या तोंडासमोर धरला. आई हात पुढं करून नुसती चाचपडत होती. बाहेर पोरं फटाके उडवत होती. आबांचा चेहरा मी बघितला आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी आबांनीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले काचबिंदू. डावा डोळा पुरा गेला. उजव्यात नळीतनं बघावं तेवढं उरलंय, औषधं घातली तरी तेबी टिकंल का न्हाय सांगता येत न्हाय. मागच्या पावसाळ्यात आणलं असतं तर बरंच राखता आलं असतं, हेबी म्हणाले. आबा विचारत राहिले, ऑपरेशन करून परत येतंय का, मुंबईला नेलं तर येतंय का. डॉक्टरांनी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं. तवापासनं आबा घरात बोलत न्हाईत. आईशी तर अजिबात न्हाय. ताट पुढं आलं की जेवतात आणि गोठ्यात जाऊन बसतात.

फोटो मी आईच्या उजव्या डोळ्यापुढं धरला. तिनं पुढं-मागं करून बघितला आणि टोपडं तांबडं हाय का म्हणून विचारलं. टोपडं पिवळं हाय. मी व्हय म्हटलं.

रात्रीची मालिका ती अजून लावायला सांगते. मी शेजारी बसून कोण आलं, कोण गेलं ते सांगतो. मतं सांगत न्हाय, नुसतं दिसतं ते सांगतो. काल मधेच म्हणाली, तुझी परीक्षा झाली की मला सोलापूरला पोचव. मी म्हटलं, आबा? तर म्हणाली, त्यांना मी सांगीन, तू पिशवी भर.

पिशवी काढून ठेवलीया.

तुझा,
ऋतुराज


सोलापूर
२० मे २००१

ऋतुराजच्या आबांस,
अंबूबाईचा नमस्कार.

मी बोलते तसं नागसेन लिहून घेतायत. अनुजा लिहिते म्हणाली. मी म्हटलं तू नगं, जावई लिहूदेत.

ऋतुराजनं मला इथं सोडलं आणि तुम्हाला एकट्याला ठिऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी माघारी गेला. त्याच्यावर रागवू नका. निघताना मी तुम्हाला सांगितलं तवा तुम्ही गोठ्यातनं बाहेर आला न्हाईसा. मी दारात लई येळ थांबले, कारण तुम्ही आलाय का न्हाय ते मला दिसत न्हवतं. पोरानं न्हाय म्हणून सांगितलं तवा चालाय लागले.

नात हाताला गुबगुबीत लागते. तोंड मला दिसलं न्हाय. दुपारच्या उन्हात धरलं तरी धुरागत दिसतंय. बोटानं बघितलं. नाक तुमच्यावर गेलंय, सगळीच म्हणतात. आता खिडकी कुठं हाय तेवढं कळतं, बाकी न्हाय.

इथं मला कुणी कायबी कमी करत न्हाय. संध्याकाळी मी आणि शेवंताबाई टीव्हीपुढं बसतो. त्यांना एका डोळ्यानं दिसतंय ते त्या मला सांगतात, आणि मला ऐकू येतंय ते मी त्यांना, कारण त्यांचा कान जरा जड हाय. मधल्या जावंवरनं आमचं रोज भांडाण. त्या तिच्या बाजूच्या.

आता मुद्द्याचं. डाक्टरकडनं आल्यापासनं तुम्ही माझ्याशी बोलला न्हाईसा. तुम्हाला वाईट वाटतंय हे मला डोळ्यांबिगर कळतंय. मला राग न्हाय असं मी म्हणणार न्हाय. राग हाय. डोळे माझे होते. तुम्ही म्हणाला म्हणून मी पायरी उतरले न्हाय, ती चूक माझी. पण राखा म्हणून सांगितलं कुणी आणि त्यांचं नाव ऐकून टीव्ही बंद केला कुणी, हे मी इसरणार न्हाय. हितं नागसेनांचं पेन थांबलं. मला ऐकू आलं. मी म्हटलं लिहा.

मी माघारी यीन. माझं घर ते हाय. पण मला न्यायला तुम्ही यायचं. ऋतुराजला धाडायचं न्हाय, आणि स्टँडवरनं मला बोलवून घ्यायचं न्हाय. ह्या घरात यायचं, पोरीशी बोलायचं, शेवंताबाई देतील ते पाणी प्यायचं. पाणी पिताना तुमचं तोंड कसं हाय ते मला दिसणार न्हाय, तेवढी तुमची सोय झालीया.

म्हैस या महिन्यात व्याईल. पहिलटकरीण हाय, रात्रीचं बघत जावा. लोणच्याची बरणी माळ्यावर डाव्या हाताला हाय, पाण्याचा हात लावू नका. डाक्टरनं दिलेल्या थेंबांची मोकळी बाटली फळीवर ऱ्हायलीया, ती टाकून द्या.

माया होती ती हायच. ती आता तुम्हाला इथं येऊन न्यावी लागंल.

अंबूबाई

ता. क. ती. आबांस जयभीम. वरील मजकूर आईंनी सांगितला तसाच लिहिला आहे, एक शब्दही सौम्य केलेला नाही. माझ्याविषयी त्यांनी काही चांगले सांगितले होते, तेवढे मात्र गाळले आहे.
— नागसेन