बाबांचा उजवा हात

अन्सेल्मो,

बाबांना मानिसालेसच्या मोठ्या दवाखान्यात नेतेय. जिवाला धोका नाही, पण उजवा हात भाजलाय. मक्याचे अरेपा झाकून ठेवलेत, खाऊन मग ये.

मी अंगणात असताना त्यांनी चुलीवरचं गुळाचं पाणी उतरवायला घेतलं. अर्धांगवायूनंतर मेंदूचा ‘धर’ हा हुकूम बोटांपर्यंत पोचतो, ‘सोड’ पोचत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तापलेली दांडी मुठीतच राहिली. शेवटी मी एकेक बोट उलगडलं.

उजव्याला सवय लागावी म्हणून तू त्यांचा डावा हात बांधून गेला होतास. ती गाठ त्यांना दातांनी सोडता आली असती. “का नाही सोडलीत?” विचारलं, तर म्हणाले, “अन्सेल्मो ओरडतो गं.”

— आई