उठायचा सराव

नाबुकीरा,

मटोकेची केळी उकडून, कुस्करून पानात गुंडाळून ठेवलीत, शेंगदाण्याचं कालवण झाकलंय. वीस लिटरचा पाण्याचा कॅन नळावरून मीच आणला. आल्यावर ओरडू नकोस.

मी मसाकाला, तुझ्या नासाली आत्याकडे चाललेय. काठी दाराआड आहे, विसरलेली नाही, मुद्दाम ठेवलीय.

तू म्हणायचीस, "या वयात कसली वजनं उचलतेस आई, कंबर धरेल!" व्यायामाच्या क्लासला पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मुकीबीने प्रत्येकीला विचारलं, काय जमायला हवंय. कुणी जिना म्हणाली, कुणी बाजारची पिशवी. मी म्हटलं, गुडघे टेकून नमस्कार. तो हसला नाही. म्हणाला, "गुडघे टेकता कुणालाही येतात, मावशी. उठायचं आपण शिकू." चार महिने तेच. आधी खुर्चीवरून उठले, मग पाटावरून, मग हातात वाळूच्या बाटल्या धरून. पाय लटपटले की तो बाटली काढून घ्यायचा, सुट्टी मात्र द्यायचा नाही.

आपल्यात नणंदेला गुडघे टेकूनच नमस्कार करायचा असतो, पण तुझ्या बाबांच्या उत्तरकार्याला मी आत्याला उभ्यानेच केला होता. "वहिनीला कंपालाची हवा लागली," ती चारचौघांत म्हणाली. तेव्हापासून दोन वर्षं आमचं बोलणं नाही. गुडघ्यांच्या दुखण्याचं मी तिला सांगितलंच नाही. टेकलेही असते, पण उठायला तिचाच हात मागावा लागला असता.

आज टेकीन आणि माझी मी उठेन. पण तिने हात पुढे केलाच, तर धरीन.

आई