आर्विद, आज सरोवरावर मी जातेय

आर्विद,

खुर्चीत बसल्या बसल्याच तुझा डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. तुझी कयाक होडी घेऊन मी सुपीरियर सरोवरावर चाललेय. एकटीच.

एकटी मी कधी गेले नाही, हे मलाही ठाऊक आहे. आजवर लेफच्या पुढे बसून नुसतं वल्हं हलवायचे, आणि तो मागून म्हणायचा, "आई, तू पाण्याला गुदगुल्या करतेस."

त्याची कयाक सापडली त्या काळ्या कड्यापर्यंत जाऊन येते. किनारा सोडणार नाही. लाइफ जॅकेट घातलंय.

तो सापडेल असं मला वाटत नाही. बारा दिवस झाले, काल शोधपथकानेही हात टेकले. हे पाणी इतकं गार आणि खोल आहे की बुडालेला माणूस वर येत नाही, हे तूच मला लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सांगितलं होतंस. पण रात्री तू म्हणालास, "उद्या मीच जातो." निखळलेल्या खांद्याने तू गेलास, तर या घरात मी एकटी उरेन.

थर्मासमध्ये कॉफी आहे. वेलदोड्याचा पाव फडक्यात गुंडाळून ठेवलाय, थोडा तरी खा. दुपारी एकपर्यंत आले नाही तर धक्क्यावर बोटी सांभाळणाऱ्या सिग्नेला फोन कर. तू पाण्यात उतरू नकोस. घरातली सगळी वल्ही मी बरोबर नेलीत, शेडमध्ये शोधत बसू नकोस.

राग्ना