येते हं

सोमवार, ६
आले बाई एकदाची! विद्यापीठाच्या अतिथिगृहातली खोली लख्ख आहे, गादी मऊ आहे, नळाला गरम पाणी आहे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले नि मासिकाने ऊर्जेच्या प्रयोगशाळा पाहून लिहायला सांगितलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. दोन दिवस इथे, मग लेकीकडे. तिला सातवा लागलाय. बाळाची टोपी विणायला घेतली आहे.

प्रयोगशाळेतली माणसं मात्र कारल्याच्या वेलावरची. दाढीवाले प्राध्यापक आणि त्यांची मदतनीस. ती सगळ्याला ‘हूं’ म्हणते, म्हणून माझ्यापुरती हूंबाई. बस म्हणायची पद्धत नाही. मध्ये छताला टेकणारी मिठाची टाकी. उन्हाने मीठ वितळवायचं, ऊन गेलं की त्या उष्णतेवर वीज करायची. पण तापमान काही केल्या टिकत नाही, असं प्राध्यापक म्हणाले, आणि जणू मीच ते प्यायले अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

निघताना दोघं टाकीकडे बघून म्हणाली, जातो, जाते. मेलं काय हे बोलणं! कुणी शिकवलं नाही वाटतं. मी मुद्दाम ठसक्यात म्हटलं, येते हं! प्राध्यापक पहिल्यांदा हसले.

मंगळवार, ७
आज खुर्ची! वर उशी, हातात चहा. तापमान चढलंय म्हणे, म्हणून एवढा पाहुणचार. मला मात्र हुडहुडी. बोटं अशी गारठली की सुई धरवेना, टोपी तशीच राहिली. निघताना पुन्हा येते म्हटलं. हूंबाई काही बोलणार होती. प्राध्यापकांनी डोळे वटारले आणि तिने मान खाली घातली.

बुधवार, ८
लेकीकडे जायच्या बसमध्ये बसले होते. खिडकीशी. तिकीट काढलं होतं. मग बघते तो टाकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी. साठी बुद्धी नाठी म्हणून हसणार होते, पण हूंबाई रडत होती.

प्राध्यापक बाहेर गेल्यावर तिने सांगितलं. इथे जातेच म्हणायचं असतं. येते म्हणणाऱ्याला ती टाकी परत आणते आणि त्याच्या अंगातली ऊब ओढून घेते. आधीचे पाहुणेही फार सभ्य होते. ते कुठे आहेत, मी विचारलं. तिने तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवलं.

गुरुवार, ९
म्हटलं. ओरडून म्हटलं. जाते, जाते, जाते! फाटकापर्यंत पोचले — आणि पुन्हा खुर्ची. प्राध्यापक हळुवारपणे म्हणाले की दिलेला शब्द आधीचा, आता कशाला त्रास करून घेता. मेल्या, तुझं तळपट होवो.

काखेत थर्मामीटर लावलं. पारा जागचा हलत नाही. मला भीती वाटते. फार वाटते.

शुक्रवार
लेकीचा फोन. माझ्या घशातून आवाज निघेना. प्राध्यापकांनी घेतला. आईंना बरं नाही, या घेऊन जायला, असं म्हणाले. साखरेत घोळलेला आवाज. नको येऊस — नको — ऐकू कसं जाणार तिला

हूंबाई आज आलीच नाही.

शनिवार
लेक आली. पोटावर हात ठेवून, दम लागलेला. तिला खुर्ची दिली. उशीसुद्धा. प्राध्यापक काट्याकडे बघताहेत, मग तिच्या पोटाकडे —

ओरडते आहे मी. ओठ हलत नाहीत. बोटं तेवढी —

ती म्हणते, गाडी दाराशी आणायला सांगते, मग दोघी मिळून घरी. माझा गाल कुरवाळला. किती गार पडलीस गं, म्हणाली.

उठली. दाराकडे निघाली. वही तिच्याकडे वळवली, मोठ्या अक्षरांत — जाते म्हण — बाळा, एकदाच उद्धटपणे — वाच ना —

मीच वळण लावलं हिला. कधी चुकायची नाही.

दारात थांबली. वळली. हसली माझ्याकडे बघून. म्हणतेय, आई, ये