प्रमाणासाठी उभ्या केलेल्या बाईचे नाव शोधू देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य संग्रहपाल,
पुरावस्तू संग्रहालय,
भांडार विभाग, दुसरा मजला (बंद लिफ्टसमोर).

विषय : फलकाची छपाई शुक्रवारी होण्यापूर्वी उत्खनन-रेखाटनांची एकतीस खोकी उघडून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र क्र. भांडार/साधने/११७. २) आपले तोंडी उत्तर, "उद्या या" (चार वेळा).

महोदय,

१. अर्जदार छापखान्यात मजकूर जुळवण्याचे काम करतो. आपल्या नव्या दालनाचा फलक त्याच्याच टेबलावर आला. त्यावर परकीय अमलातील उत्खननाचे छायाचित्र असून खाली ओळ आहे : "दगडी खांब. शेजारी बाई, प्रमाणासाठी. कडेला सैल दगड." त्या दुपारी अर्जदाराची आजी, वय ९१, त्याचा विसरलेला डबा घेऊन आली (डबा विसरणे हा अर्जदाराचा जुना दोष असून त्याबाबत वेगळा अर्ज नाही). संगणकाच्या पडद्याकडे पाहून ती म्हणाली, "अरे, ही तर माझी आई! आणि दगड कसला मेल्या, तो माझा पाय आहे."

२. आजीच्या सांगण्यानुसार तिची आई तेथे नुसती उभी राहायला जात नव्हती. सापडलेल्या खापरांची चित्रे ती काढी, खाली सही उत्खनन करणारे साहेब करीत. हे कळवताच आपल्या कार्यालयाने तत्परतेने जुन्या वह्या तपासल्या. साधनांच्या वहीत टेप आणि ओळंबा यांच्या मधोमध "बाई, उभी, नग १" अशी नोंद मिळाली. त्यावरून संदर्भीय पत्रान्वये अर्जदारास कळवण्यात आले, की सदर साधन भांडारात आढळत नसल्याने वारसाने ते सुस्थितीत परत करावे, अन्यथा गहाळ झाल्याचा दाखला जोडावा. अर्जदाराने पणजीच्या मृत्यूचा दाखला जोडला आहे. चालत असल्यास चालवून घ्यावा.

३. दरम्यान आपल्याच कार्यालयातील एका व्यक्तीने (अर्जदारास चेहरा आठवत नाही, आठवणारही नाही) पहिले खोके पाच मिनिटे उघडे ठेवले. एका चित्राच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले आहे : "हे झाकण आहे. साहेब वाडगा म्हणतात. उलटे करून दाखवले. तरी वाडगाच." साहेबांच्या ग्रंथात तो वाडगा आहे आणि आपल्या तळमजल्यावरील कपाटातही आजतागायत वाडगाच आहे. अर्जदाराने कपाटासमोर ओणवे होऊन, डोके खाली घालून खात्री केली. बूड म्हणून दाखवलेली ती चक्क मूठ आहे. पहारेकरी काका म्हणाले, "ओ, कसरती घरी करा."

४. या पुराव्यावर उपसंग्रहपालांनी मोठ्या मनाने सांगितले, "बरं, नाव द्या, घालू." आणि येथेच अर्जदाराचे घोडे अडले. नाव कोणालाच माहीत नाही. आजी सात वर्षांची असताना तिची आई गेली. पणजोबा तिला "अगं" म्हणत. मृत्यूच्या दाखल्यावर "पत्नी" एवढेच आहे. आजीला विचारले तर म्हणाली, "आईला नाव कशाला लागतंय? हाक मारली की ती ओ द्यायची." थोरल्या काकांनी सुचवले, "एखादं छानसं ठेवून देऊ की, तिला काय कळणार आहे!" त्या दिवसापासून आजीने काकांचा चहा बंद केला आहे. साहेबांच्या वहीत ती नग होती हे खरे. पण आमच्या घरातही कोणी वही उघडली नव्हती, हे अर्जदारास नमूद करणे भाग आहे.

५. जी बाई एका झाकणावरून साहेबांशी समासात भांडते, तिने एकतीस खोक्यांत एकदा तरी स्वतःचे नाव लिहिलेच असेल, असे अर्जदाराचे नम्र पण हट्टी मत आहे. तथापि नियमानुसार खोकी फक्त रेखाटनकाराच्या वारसांना दाखवता येतात, आणि दप्तरी रेखाटनकार साहेब आहेत. रेखाटनकार पणजी होती हे सिद्ध करायला खोकी उघडावी लागतात. खोकी उघडायला ते आधी सिद्ध करावे लागते. या प्रदक्षिणा अर्जदाराने तीन आठवडे घातल्या असून चपलेचा अंगठा तुटला आहे.

६. अर्जदार काही लपवू इच्छित नाही. फलकाची फाइल त्याच्याच संगणकावर आहे. परवानगीवाचून एक नाव घुसवणे हे अर्ध्या मिनिटाचे काम, आणि ते करण्याची त्याची तयारीही होती. पण घालायला नाव नाही. कोरी जागा सोडून पाहिली, तर फलकावरचे साहेबांचे नाव आपोआप पसरून तिच्यात जाऊन बसते.

७. तरी खोकी आजच उघडावीत, अथवा छपाई थांबवावी, ही विनंती. आजी सकाळपासून आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून आहे. शिपाई काकांनी विचारले, "आजी, कुणाकडे काम आहे?" ती म्हणाली, "आईकडे." घरी चल म्हटले तर ऐकत नाही. म्हणते, "आई म्हणून हाक मारून झाली. आता एकदा नावानं मारते, मग येते."

आपल्या किल्लीची वाट पाहणारा,
(सही)
अर्जदार, पणतू

दिनांक : बुधवार, कार्यालय बंद होण्यापूर्वी

सोबत : १) मृत्यूच्या दाखल्याची प्रत. २) आजी (मूळ प्रत, बाकावर).