दुरडीत कचरा कोणी टाकेना

हर्सूल,
बुधवार

ती. आत्यास,

रूपालीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता उठूबसू देतो का? मामांचा खोकला आणि तुमची म्हैस, दोघंही शांत असतील अशी आशा करते. (फोनच केला असता, पण तू स्पीकर लावतेस आणि अर्धं पिशोर ऐकतं. म्हणून हे पत्र तिकडं निघालेल्या माऊलीदादाजवळ देते आहे. तो दारात उभा आहे, अक्षर समजून घे.)

तर यंदा शाळेची खरेदी माझ्याकडं आली. घरातली पहिली पदवीधर, म्हणून अप्पांनी ही बातमी दौलताबादच्या सीताफळवालीपर्यंत पोचवली. मी ठरवलं, पृथ्वीला ओझं होईल असं काही घ्यायचंच नाही. दुकानदाराला विचारलं, ही बादली फुटल्यावर कुठं जाईल? म्हणाला, "तुमच्याच घरी मॅडम, आपण वापस घेत नाय." मग वर्गांतल्या प्लास्टिकच्या कचरापेट्या काढून बांबूच्या दुरड्या आणल्या. रंगीत काठाच्या, घट्ट विणीच्या. (तिथंच चुकलं. पण इतक्या देखण्या होत्या गं!)

आमच्याकडं झाडलोट करणाऱ्या लक्ष्मीबाईंनी त्या पाहिल्या आणि एकेकीला हळदकुंकू लावलं. "असल्या दुरडीत लेकीचं रुखवत जातं मॅडम. तिच्यात पेन्सिलीचा भुसा? लई पाप लागंल!" संपलं. आता मुलं दुरडीला नमस्कार करून कचरा शेजारी टाकतात. निशा मॅडमनी त्यांच्या वर्गातली घरी नेली, कुरडया ठेवायला ("नुसती पडून होती ना!"). आणि हेडसरांनी, धूळ बसू नये म्हणून, उरलेल्या सगळ्यांना प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. मी काढते, ते चढवतात. शिकवताना माझे कान त्या सळसळीकडंच असतात.

शनिवारी संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब पाहायला येणार आहेत. दुरड्या रिकाम्या दिसल्या तर प्लास्टिकचे डबे परत येणार आणि खरेदीही माझ्याकडून जाणार. खडू, झाडू, वह्या, कशाकशाचा विचार करून ठेवला होता मी! प्रार्थनेच्या वेळी मुलांपुढं, कचरा दुरडीतच टाका, असं भाषण केलं. टाळ्या भरपूर पडल्या. चॉकलेटचे कागदही पडले, दुरडीच्या शेजारी.

माऊलीदादा चप्पल घालतोय. मामांना नमस्कार सांग.

तुझी भाची,
रूपाली

ता. क. काल मीच उदाहरण घालून द्यायला केळीचं साल घेऊन अख्ख्या वर्गासमोर दुरडीपाशी गेले. हात पुढं होईना. साल पर्समध्ये घालून घरी आणलं.

आणखी ता. क. तुझ्या गोठ्यातल्या शेण उचलायच्या जुन्या टोपल्या असतील तेवढ्या शुक्रवारी माऊलीदादाबरोबर पाठव. बदल्यात माझ्या नव्या दुरड्या तुला. आणि आत्या, पाया पडते, धुऊन पाठवू नकोस.