मतदार यादीचं हळदीकुंकू

मानवत,
१३ फेब्रुवारी १९९४

प्रिय कावेरी,

तुझं पत्र गुरुवारी पोचलं. अण्णांनी ते आधी स्वतः वाचलं, मग मला दिलं, आणि मी वाचत होते तेवढा वेळ ते पेपर तोंडासमोर धरून बसले. पेपर उलटा होता. म्हणजे तुझं म्हणणं त्यांना पटलेलं आहे. तर येत्या रविवारी नागनाथच्या घरची दत्तोपंत मंडळी परभणीहून तुझी आणि त्याची सुपारी फोडायला येतील. तेव्हा मी माझ्या गोळ्या फळीवरून हलवाव्यात, कुणी विचारलंच तर बी.पी.च्या आहेत म्हणावं, कमी बोलावं, आणि हळदीकुंकवाचा किस्सा अजिबात काढू नये. चारही कलमं नीट वाचली. तिसरं सोडून बाकीची जमतील.

बी.पी. हे बाकी तू बरं सुचवलंस. आपल्याकडं बी.पी. असणं म्हणजे घरी खाऊनपिऊन सुखी असल्याचा दाखला. गुडघ्यांचं दुखणं चालतं, पोटाचं चालतं, दम्याला तर सोयरे लोक औषधसुद्धा सुचवून जातात. दुखणं गळ्याच्या वर गेलं की मात्र सोयरीक मोडते. विद्यापीठाचं नाव बदलायला या मुलखानं सोळा वर्षं घेतली, घरं जळाली, माणसं गेली, पण गेल्या महिन्यात ते एकदाचं झालं. तुझ्या पदवीवर नवं नाव येईल. माझ्या दुखण्याचं नाव मात्र आपल्या घरात अजून ‘आईचं ते’ एवढंच आहे.

ते तुला कधी नीट सांगितलं नाही, आज सांगते. एक नाही, दोन आहेत. अठ्ठ्याऐंशी साली औरंगाबादच्या डॉक्टरांनी मला दोन तास बोलतं ठेवलं (मला बोलतं ठेवायला फारसं काही करावं लागत नाही) आणि मग म्हणाले, बाई, तुमच्याकडं दोन भाडेकरू आहेत. पहिल्याला मॅनिक डिप्रेशन म्हणायचे, आता बायपोलर म्हणायला लागलेत. तो येतो आणि जातो. आला की काही आठवडे झोप लागत नाही, लागावी असं वाटतही नाही, आणि जगातली सगळी कामं आपल्यावाचूनच अडलीत अशी खात्री पटते. तो गेला की महिना महिना अंथरुणातून पाय खाली टेकवत नाही. दुसरा म्हणजे लक्ष एका जागी न थांबण्याचा. तो लहान मुलांचा समजतात, पण माझ्यातला माझ्याबरोबरच मोठा झाला, माझ्याबरोबर नोकरीला लागला. मला विचारशील तर ह्या भाडेकरू नाहीत, सवती आहेत. एक गावभर जेवणाची आवतणं देऊन येते, दुसरी चूल पेटवायला विसरते. थांब, दूध ठेवलंय.

गेलं. ओटा पुसून आले. कुठं होते? सवती.

आता हळदीकुंकू. रविवारी ते सांगणार नाही, म्हणून तुलाच सांगते. तुला त्यातला अर्धाच भाग माहीत आहे. तू नववीत होतीस, पंच्याऐंशीची संक्रांत. निवडणुकांचे दिवस, आणि मतदार यादीचं काम नेहमीप्रमाणं शिक्षकांच्या गळ्यात. मी सलग पाचव्या रात्री जागी होते आणि आनंदात होते. यादी उघडली आणि वाटलं, अरे, बायकांची एवढी सुंदर यादी सरकारनं आयती करून दिलीय, आणि आपण हळदीकुंकवाला त्याच त्या पंचवीसजणींना बोलावतो. पहाटेपर्यंत तीनशे बारा चिठ्ठ्या लिहिल्या. घर नंबर, नाव, वय, वेळ उद्या दुपारी चार. माझ्या चौथीच्या वर्गानं त्या दुपारपर्यंत वाटल्यासुद्धा. मतदार यादीत सवाष्ण कोण, विधवा कोण, कुठल्या वस्तीतली, कुठल्या धर्माची, हे काही लिहिलेलं नसतं. जिवंत कोण, हेही पक्कं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाण म्हणून लुटायला तीनशे फण्या आणायला परभणीला गेले. इथवर पहिल्या सवतीचं काम. फण्या घेतल्या, स्टँडवर आले, समोर पोखर्णीची गाडी उभी. मला आठवलं की चौथीत असताना मी तिथल्या नृसिंहाला एक नारळ बोलले होते. बसले गाडीत. देवळाबाहेर नारळ विकणाऱ्या बाईच्या दोन पोरी होत्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. पायरीवर बसून त्यांची बाराखडी सुरू केली. त्या ‘ढ’पर्यंत आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि मानवतला आपल्या अंगणात तीनशे बायका उभ्या आहेत हे माझ्या डोक्यात कुठंही नव्हतं.

तू दार उघडलंस, गर्दी पाहिलीस आणि मागच्या दारानं पळालीस, हे तुझं अर्धं. पुढचं मला तुझ्या आजीनं सांगितलं. आजी विधवा, म्हणून संक्रांतीला माजघरात बसायची. घरातली यजमानीण बेपत्ता, नात पळालेली, मुलगा मार्केट कमिटीत. शेवटी म्हातारी उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळदीकुंकवाच्या अंगणात आली. समोर सवाष्णी, विधवा, मोमीनपुऱ्यातल्या बुरख्यातल्या पाचजणी, पलीकडच्या वस्तीतल्या बायनाबाई आणि त्यांच्या सुना. एक सून तर मेलेल्या सासूची चिठ्ठी घेऊन आलेली. सासूबाई गेल्या, म्हणून त्यांच्या वतीनं मी आले म्हणाली. इंजिनिअरीणबाईंनी ही गर्दी पाहून नाक मुरडलं आणि आजीला विचारलं, नर्मदाबाई, हे काय चाललंय? आजी म्हणाली, चिठ्ठी आली का न्हाई? मग बसा की. उभ्या उभ्या काय पोलिओचा डोस पाजायलाय का मी तुमाला?

आता कुंकू कुणी लावायचं? आजीला चालत नव्हतं. मग तिनं ताट अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि सांगितलं, ज्याला लावायचंय त्यानं लावून घ्या, ज्याला नसंल लावायचं त्यानं तिळगूळ खा. बायनाबाई म्हणाल्या, आमी कुंकू लावीत न्हाई माय, पर तिळगूळ आमचाबी घ्या, आमी घरून आणलाय. आजीनं घेतला आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकला. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीनंतर त्या वस्तीतून कुणी आपल्या अंगणात आलं नव्हतं आणि आपण बोलावलंही नव्हतं. इंजिनिअरीणबाई आणि आणखी दहा-बाराजणी तरातरा निघून गेल्या. बाकीच्या दिवेलागणीपर्यंत हलल्या नाहीत. मी साडेआठला घरी पोचले, हात हलवत. फण्या गाडीतच राहिल्या होत्या.

डॉक्टरांनी मला विचारलं होतं, त्या दिवसांत केलेल्या कुठल्या गोष्टींचा तुम्हाला पस्तावा होतो? यादी मोठी आहे. त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भर सभेत जे बोलले ते. अण्णांच्या अंगावर तांब्या फेकला तो. आणि नंतरचे तीन महिने, मी भिंतीकडं तोंड करून पडलेली, आजी माझे केस विंचरायची आणि वेडे, ऊठ गं, एवढंच म्हणायची. तुझ्या वार्षिक परीक्षेला डबा कुणी करून दिला, मला अजून माहीत नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. पण ते हळदीकुंकू मी यादीतून काढून घेतलं. म्हटलं, डॉक्टर, तेवढं आजारात धरू नका. शहाणी असताना मला ते सुचलं नव्हतं, ही लाज वेगळी.

आता बरं चाललंय, हे तू पाहतेसच. सकाळी अण्णा चहाबरोबर गोळी हातावर ठेवतात आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत, कापसाचं वजन करावं तसे बघत. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. दुसरीवर गोळी नाही. तिच्यासाठी दाराला पाटी लावलीय: किल्ली, चष्मा, गॅस. पाटी वाचायला विसरते, पण शाळेची तेवीस वर्षं झाली आणि गोळी सुरू झाल्यापासून परभणीच्या साप्ताहिकातलं माझं सदर एक आठवडासुद्धा चुकलेलं नाही. सगळ्या जिल्ह्यानं झाकलेलं मी दर शुक्रवारी उघडं करते, आणि लोक दर शनिवारी रागावतात. एकूण मजेत आहे.

आणि इथंच माझी जीभ अडखळते. त्या दिवशी डॉक्टरांनी आणखी एक वाक्य सांगितलं होतं. हे रक्तातून पुढं जाऊ शकतं, जाईलच असं नाही, बहुतेकांत जातही नाही. पण मुलीकडं लक्ष असू द्या, विशीत कळतं. ते वाक्य मी मानवतपर्यंत घेऊन आले आणि गिळलं. अण्णांना सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही. तू परीक्षेसाठी जागलीस की मी रात्री मोजायची. दिवाळीत उशिरापर्यंत झोपलीस की तीनदा येऊन बघायची, आणि तू चिडायचीस, की आई, श्वास घेऊ दे. सहा वर्षांत मला काहीही दिसलेलं नाही; उद्याही दिसू नये. रविवारी तू म्हणशील तसं बोलेन. माझं दुखणं तू खुशाल लपव, त्यात माझी हरकत नाही. पण हे वाक्य माझं एकटीचं नव्हतं, ते तुझं होतं, आणि मी ते दाबून ठेवलं. सुपारीला बसताना तुला ते माहीत असलं पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र. नागनाथला सांगायचं की नाही, ते तू ठरव; मी त्यात शब्द घालणार नाही, आणि ते मला किती जड जाईल हे तुला माहीतच आहे. माझा राग आला असेल तर मात्र तो पत्रातून पाठवू नकोस. शनिवारीच ये आणि समोर बसून रागाव. सहा वर्षांचं आहे, मला सगळं ऐकायचंय.

तुझीच, रागावलीस तरी तुझीच,
आई